चित्र वगळून

नाटकाची व्हीसीडी डोळ्यांसाठी नव्हतीच, या मतावर मी आता येऊन ठेपलो आहे. 352 बाय 288 ठिपक्यांच्या चौकटीत अख्खा रंगमंच बसवायचा. दिवाणखाना, माडीवर जाणारा जिना, दारातलं तुळशीवृंदावन आणि सहा पात्रं एवढं सगळं त्यात आल्यावर नायिकेच्या चेहऱ्याच्या वाट्याला ठिपके उरणार किती? नाक कुठलं आणि नथ कुठली हे पाहणाऱ्याने ठरवायचं. प्रकाशयोजनाकाराने जीव ओतून साधलेला काळोख टीव्हीवर करड्या चौकोनांचा होतो. कोणी घाईने रंगमंच ओलांडला तर त्याच्या धोतराच्या कडा विस्कटतात आणि तो थांबल्यावर पुन्हा जुळून येतात.

आता डोळे मिटून तीच डिस्क लावा. समोरच्या मायकाजवळून गेलेल्या माणसाची पावलं लाकडी फळ्यांवर धपधप वाजतात. मागे सरकणाऱ्या पात्राचा आवाज थोडा पातळ होतो, म्हणजे ते किती मागे गेलं हेही कळतं. पंख्यांची घरघर, पहिल्या काही रांगांतला खोकला, बाल्कनीतून उशिरा पोचणारं हसू, सगळं जागच्या जागी. अठ्ठावीस रुपयांच्या डिस्कवर इतका चांगला आवाज असायचं खरं म्हणजे काही कारण नव्हतं. पण 1993 साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी या कंपन्यांनी व्हीसीडीचे नियम ठरवले तेव्हा चित्राला सेकंदाला 1150 किलोबिट दिले आणि आवाजाला 224. चित्राची भूक पाहता 1150 म्हणजे उपासमार. आवाजाला मात्र 224 म्हणजे पोटभर. त्याची बांधणी एमपेग लेअर टू नावाच्या पद्धतीची. युरोपात 1995 साली डिजिटल रेडिओ सुरू झाला तो याच पद्धतीवर. थोडक्यात, गरिबाघरच्या सिनेमासाठी काढलेल्या डिस्कवर रेडिओ स्टेशनच्या तोलाचा आवाज बसला होता, आणि आपण सगळे चित्राला नावं ठेवण्यात गुंतलो होतो.

अमेरिकेत या व्हीसीडीला कोणी विचारलं नाही. ती रुजली चीनमध्ये, हाँगकाँगमध्ये, आग्नेय आशियात आणि आपल्याकडे. 2007 च्या सुमाराला मोझर बेअरने व्हीसीडी 28 रुपयांना आणि डीव्हीडी 34 रुपयांना आणली, तेव्हा नाटकाच्या तिकिटापेक्षा नाटकाची डिस्क स्वस्त झाली. वाण्याच्या दुकानात, एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर, पुस्तक प्रदर्शनाच्या दाराशी या डिस्क दोऱ्याला टांगलेल्या असत. ती कंपनीही पुढे कर्जात बुडाली आणि 2018 मध्ये तिच्या अवसायनाचा आदेश निघाला.

माझ्या आत्याच्या सांगलीच्या घरी अशा डिस्कचं एक कपाटच आहे. सांगलीच्या माणसाला नाटकाचं वेड का, हे विचारायचं नसतं. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीतास्वयंवर’ तिथेच केलं. आत्याने तरुणपणी जी नाटकं थिएटरात पाहिली, तीच तिने म्हातारपणी डिस्कवर जमवली. नवं नाटक तिने सहसा घेतलं नाही. गेल्या काही वर्षांत तिच्या नजरेचा मधला भाग गेला. कडेचं दिसतं, समोरचं नाही. टीव्हीकडे तोंड करून बसलं की नेमका टीव्हीच नाहीसा होतो. एकदा मी गेलो असताना ती म्हणाली, “अरे, ते चित्र घेऊन मी काय करू? आवाज तेवढा काढून दे की मोबाइलवर.”

ही नाटकं इंटरनेटवर आहेतच की, असं कोणी म्हणेल. काही आहेत. पण नटसम्राटाच्या तोडीचं स्वगत रंगात आलेलं असताना मध्येच टूथपेस्टची जाहिरात घुसते, आणि ती बंद करायचं बटण काचेवर कुठे उगवेल ते न दिसणाऱ्या माणसाने कसं शोधायचं? शिवाय आज असलेला व्हिडिओ उद्या काढून टाकलेला असतो. कपाटातली डिस्क निदान कपाटात असते.

पहिली अडचण डिस्क घालायला जागाच नसणं ही. माझ्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही, मुलीच्याही नाही. ही खाचच आता यंत्रावरून पुसली गेली आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर यूएसबीला जोडायचा डीव्हीडी रायटर मिळाला. दुकानदाराने “अजून कोण वापरतं हे?” असं विचारत तो मागच्या फळीवरून काढला आणि धूळ पुसून दिला.

डिस्क उघडली की आत चार-पाच फोल्डर दिसतात. त्यातलं एमपेगएव्ही नावाचं आपल्या कामाचं. त्यात डॅट फाइल असते आणि तिच्यात अख्खं नाटक. चित्र वेगळं आणि आवाज वेगळा अशी सोय तिथे नाही; दोन्ही एकमेकांत मिसळलेले असतात. डिस्क सेकंदाला 75 कप्पे वाचते. प्रत्येक कप्प्यात एक तर चित्राचा तुकडा असतो किंवा आवाजाचा, आणि कशाचा आहे ते त्याच्या माथ्यावर लिहिलेलं असतं. हिशेब केला तर 75 पैकी बारा-तेरा कप्पे आवाजाचे निघतात, बाकी जवळजवळ सगळे चित्राचे. आवाज काढायचा म्हणजे तांदूळ निवडल्यासारखं हे कप्पे निवडायचे, फक्त इथे ढीग बाजूला सारायचा आणि हाताला लागलेले दाणे ठेवायचे.

हे काम करणारी अवजारं फुकट आहेत आणि उत्तम आहेत. व्हीएलसी बहुतेकांकडे असतंच. त्याच्या कन्व्हर्टच्या मेनूतून हे करता येतं. मला एफएफएमपेग आवडतं. फाब्रिस बेलार नावाच्या फ्रेंच माणसाने 2000 साली ते सुरू केलं. त्याला ना खिडकी ना बटणं. काळ्या पडद्यावर एक ओळ टंकायची: ही फाइल घे, चित्र सोड, आवाज जसा आहे तसा उतरव. तासाभराच्या नाटकाचा आवाज साधारण 100 एमबी भरतो आणि डिस्क धड असली तर काही मिनिटांत उतरतो.

‘जसा आहे तसा’ यावर माझा फार जोर आहे. मी हे काम करतोय म्हटल्यावर प्रत्येकाने सांगितलं, “एमपी थ्री करून टाक.” का? आवाज डिस्कवर चढला तेव्हाच एकदा पिळून निघालेला आहे. कानाला जाणवणार नाही असं वाटलेलं सगळं तेव्हाच टाकून दिलेलं आहे. त्याचा एमपी थ्री करणं म्हणजे तो पुन्हा उकलायचा आणि दुसऱ्या पद्धतीने पुन्हा पिळायचा. माणसाचं बोलणं हा मार सोसतं. टाळ्या सोसत नाहीत. शेकडो हात थोड्याथोड्या अंतराने वाजतात, त्यातल्या प्रत्येक टाळीला स्वतःची धार असते, आणि आवाज पिळणाऱ्या कुठल्याही पद्धतीला हेच सगळ्यात जड जातं. जास्त पिळलं की टाळ्या चरचरतात, एकमेकींत विरघळतात, आणि भरलेलं नाट्यगृह नळाखाली धरल्यासारखं ऐकू येतं. मराठी नाटकातून टाळ्या वजा करणारी फाइल मला नको होती. म्हणून लेअर टूचा आवाज मी लेअर टूमध्येच ठेवला. फाइलचं शेपूट एमपी टू असं दिसतं. आत्याच्या मोबाइलमधल्या मूळच्या प्लेअरला ते कळेना, तेव्हा तिथे व्हीएलसी बसवलं, झालं.

याच तत्त्वावर आवाज ‘साफ’ करायचा मोहही टाळला. ऑडॅसिटी या प्रोग्रॅममध्ये पंख्याची घरघर काढायची सोय आहे. घरघरीचा नमुना दाखवला की ती सगळीकडून घरघर उपसून काढते, आणि जाता जाता नटाचा श्वासही घेऊन जाते. वाक्याआधी घेतलेला तो श्वास गेला की नट बातम्या वाचल्यासारखा वाटू लागतो. पंखे राहू दिले.

एका गोष्टीचं मात्र मनापासून समाधान मिळालं. व्हीसीडीवर 74, फार तर 80 मिनिटं मावतात. अडीच तासांचं नाटक दोन किंवा तीन डिस्कवर तोडावं लागे, आणि तोडणारे अंक संपायची वाट पाहत नसत. “मी तुला एवढंच सांगते की...” इथे डिस्क संपायची. उठा, बदला, कंपनीची जिंगल ऐका, पायरसीची धमकी वाचा, मग ती काय सांगते ते कळायचं. लेअर टूचा आवाज सेकंदाच्या सुमारे अडतिसाव्या हिश्शाएवढ्या तुकड्यांचा बनलेला असतो, त्यामुळे दोन डिस्कचे आवाज न पिळता, न बिघडवता एकामागे एक जोडता येतात. जिंगल कापली, टोकं जुळवली. ती बाई आता न थांबता सांगते.

डीव्हीडीची तऱ्हा वेगळी. तिथे व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर, त्यात जास्तीत जास्त एकेका जीबीच्या व्हॉब फाइली, आणि आवाज बहुधा डॉल्बीच्या एसी थ्री पद्धतीचा, सेकंदाला 48,000 नमुन्यांचा. व्हीसीडीवर 44,100 असतात. डीव्हीडीवर आवाजाच्या आठ वेगवेगळ्या पट्ट्या राहू शकतात. मराठी नाटकवाल्यांना एकच पुरते. शिवाय डीव्हीडीला कुलूप असू शकतं, सीएसएस नावाचं, 40 बिटांच्या किल्लीचं. व्हीसीडीला कुलूप हा प्रकारच नव्हता. ते कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्रॅम 1999 मध्ये बाहेर आला. त्यापायी योन लेक योहान्सन या नॉर्वेच्या पोरावर खटला चालला. प्रोग्रॅम आला तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. 2003 च्या जानेवारीत तो निर्दोष सुटला आणि त्याच डिसेंबरात अपिलातही सुटला. स्वतः विकत घेतलेली डिस्क स्वतःच्या संगणकावर पाहणं हा गुन्हा नाही, असं तिथल्या न्यायालयाने मानलं.

आपल्याकडे काय? 1957 च्या प्रताधिकार कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. कलम 52 प्रमाणे खासगी, वैयक्तिक वापरासाठी कलाकृतीचा रास्त उपयोग हे उल्लंघन ठरत नाही. त्याच दुरुस्तीने 65 अ हे कलम आलं. हक्क बुडवण्याच्या हेतूने कुलूप तोडणाऱ्याला त्यात दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कायद्याने मना न केलेल्या कारणासाठी केलेलं काम मात्र त्यातून वगळलं आहे. मी वकील नाही. माझ्यापुरता अर्थ मी असा लावला: आत्याच्या पैशाने आलेल्या डिस्कचा आवाज आत्याच्या कानापर्यंत न्यायला हरकत नसावी, त्यापुढे पाऊल टाकायचं नाही. तिच्या डीव्हीडींपैकी बहुतेकींना कुलूप नव्हतंच. “घरच्या ग्रुपवर टाक ना सगळी,” असा आग्रह झाला. नाही टाकली. चित्रपट आणि ध्वनिमुद्रण यांवरचा हक्क प्रकाशनापासून साठ वर्षं चालतो, आणि नाटकवाल्यांचं पोट असंही फार भरलेलं नसतं.

जुन्या डिस्क मरतात कशा, तेही या निमित्ताने नीट कळलं. संगणकाच्या साध्या सीडीवर एका कप्प्यात 2048 बाइट माहिती असते आणि उरलेल्या जागेत चुका दुरुस्त करण्याचे आकडे असतात. व्हीसीडीने ती दुरुस्तीची जागाही नाटकालाच देऊन टाकली आणि कप्पा 2324 बाइटचा केला. म्हणून इतकं मावलं, आणि म्हणूनच ओरखडा पडला की सावरायला मागे फारसं काही नाही. टीव्हीखालचा प्लेअर अशा ठिकाणी चार चौकोन दाखवून पुढे जातो. संगणक मात्र अडून बसतो: सायक्लिक रिडंडन्सी चेक अशी मंत्रासारखी अक्षरं दाखवतो आणि काम सोडून देतो. मग डीडीरेस्क्यूसारखं चिवट अवजार लागतं. ते वाचता येईल तेवढं आधी उचलतं आणि अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा फेऱ्या मारतं. डिस्क आतून बाहेर वाचली जाते. बोटं, धूळ, पाकिटाचं घासणं हे सगळं लागतं बाहेरच्या कडेला. त्यामुळे नाटकाचा आरंभ खणखणीत असतो आणि शेवटच्या प्रवेशात नायक अडखळू लागतो. आणखी एक उलटी गोष्ट: आपण जपतो ती चकचकीत बाजू सव्वा मिलिमीटर जाड प्लॅस्टिकची असते, सीडीचा माहिती धरणारा चंदेरी थर असतो लेबलच्या लगेच खाली. आत्याच्या काही डिस्कवर कोणी तरी बॉलपेनने दाबून नावं लिहिली होती. त्यातलं एक नाटक दुसऱ्या अंकाच्या मध्यावरच संपतं.

पुढची दिवाळी मी सांगलीत केली आणि आम्ही ती नाटकं एकत्र ऐकली. इथे माझा समज होता की मी तिला काही देतोय. एका फार्सच्या मध्ये आवाज अचानक थांबला. पावलं नाहीत, संवाद नाहीत, नुसते पंखे. डिस्क गेली म्हणून मी मोबाइलकडे हात नेला, तर आत्या हसायलाच लागली. तिच्यानंतर थिएटर हसलं. “टोपी शोधतोय,” ती म्हणाली, “डोक्यावरच आहे.” पुढे कुठल्याशा प्रवेशाला भली मोठी टाळी पडली आणि अजून कोणी एक शब्द बोललेलं नसताना तिने नटाचं नाव सांगितलं. एवढी लांब टाळी सांगलीत त्या काळी दोघांनाच पडायची, आणि त्यातला दुसरा या नाटकात नव्हता, हे तिचं तर्कशास्त्र. चपलेची करकर ऐकून “कोल्हापुरी घातलीय, म्हणजे मामा आला,” असंही झालं. मामाच आला होता.

तिसरी घंटा आणि मध्यंतराची घोषणा कापू का, असं मी आधीच विचारून ठेवलं होतं. “घंटा कापलीस तर नाटक सुरू कसं होणार?” म्हणाली. ठेवली.

नुसत्या आवाजाने नटांचे हिशेबही नव्याने झाले. ज्याच्या रूपावर अख्खं गाव भाळलं होतं, अशा एकाचं नाटक ऐकून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हा नुसता दिसायचाच बरा होता रे.” उलट नोकराच्या, शेजारणीच्या भूमिका करणाऱ्या, पाकिटावर फोटोही न छापलेल्या बाईचा आवाज तिला दर नाटकात सापडू लागला. चित्र होतं तेव्हा ती बाई कडेला उभी असायची. आवाजात कड नसते.

सगळंच नाटक असं कानाने मिळतं असं मात्र मी म्हणणार नाही. तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’मधली माणसांची भिंत 1972 साली ज्यांनी पाहिली, त्यांना तिचा आवाज तेवढा देऊन कसं चालेल? भास्कर चंदावरकरांचं संगीत कानात भरेल, पण भिंत फिरून पाठ करते ते कळणार नाही. उलट ‘वस्त्रहरण’सारख्या नाटकातलं मालवणी ऐकायला डोळ्यांची गरज नाही, ते कोकणातल्या घरांत कॅसेटवर ऐकून ऐकूनच पाठ झालं. कानाने नाटक जेवणं ही मराठी घराची जुनी सवय आहे. पुणे आकाशवाणीने एप्रिल 1955 ते एप्रिल 1956 असं वर्षभर ‘गीतरामायण’ ऐकवलं, छप्पन्न गीतं, आणि कोणाला चित्राची उणीव भासली नाही. अलूरकरांच्या कॅसेटवर पु.ल. ऐकणाऱ्यांनी हरितात्या आणि अंतू बर्वा ‘पाहिले’ ते असेच. हिंदीवाल्यांनी तर ‘शोले’च्या नुसत्या संवादांची तबकडी काढून खपवली. चित्रातून आवाज वेगळा काढायला संगणकाची वाट कोणी पाहिली नव्हती. संगणकाने ते फक्त घरी, एका माणसासाठी, करण्याजोगं केलं.

तुमच्याही घरी असं कपाट असेल. येत्या साफसफाईत ते रद्दीवाल्याला देण्याआधी कुणाचा तरी डीव्हीडी रायटर मागून आणा. डिस्क मऊ फडक्याने मध्यापासून बाहेर सरळ पुसा. गोल पुसू नका, कारण गोल ओरखडा माहितीच्या रेघेबरोबरच धावतो. नाटकाच्या संचातली शेवटची डिस्क आधी उतरवा, शेवट आधी जातो. आवाज जसा आहे तसा ठेवा. आणि ते नाटक थिएटरात पाहिलेलं कोणी घरात असेल तर पहिल्यांदा ऐकताना त्यांना शेजारी बसवा, जमलं तर त्यांचं बोलणंही मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या. टोपी कुठे आहे ते डिस्कवर नाही.